कौलं रचून ठेवणारा चोर

आधी एक खुलासा. ही एका माणसाची फाईल नव्हे. तळकोकणातल्या तालुका कोर्टांत एकसारख्या चेहऱ्याची जी प्रकरणं वर्षानुवर्षं येत राहतात, त्यांतले धागे घेऊन हे एक प्रकरण विणलं आहे, म्हणजे कुणाची ओळख पटू नये. माणसं, वाड्या, रकमा, निकाल जुळवलेले आहेत. कलमं, शिक्षेच्या मर्यादा आणि कोर्टाचे अधिकार मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण खरी गंमत तिथेच आहे.

तीन रात्री, तीन घरं

नवी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यानंतरचा पावसाळा. गणपती पंधरवड्यावर आलेले. सिंधुदुर्गात हा काळ घरफोडीचा हंगामच. मे महिना संपला की चाकरमान्यांची घरं बंद होतात, ओटीला झावळ्यांचा आडोसा बांधलेला असतो आणि आत कोण शिरलं ते रस्त्यावरून दिसत नाही. घरमालक गणपतीच्या दोन दिवस आधी मुंबईहून उतरतो, कुलूप काढतो आणि देवघरात समई नाही हे तेव्हा त्याला कळतं. चोरी नेमकी कधी झाली हे कुणालाच सांगता येत नाही.

आपला आरोपी ३९ वर्षांचा. पूर्वी चिरेखाणीवर होता, मग गवंड्याच्या हाताखाली, मग मिळेल ते काम. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली. पहिल्या रात्री त्याने एका बंद घराची मागच्या बाजूची मंगलोरी कौलं उतरवली आणि तांब्याचा हंडा, घंगाळ आणि दोन पितळी समया नेल्या. दुसऱ्या रात्री दुसऱ्या बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून गॅसचा सिलिंडर आणि मिक्सर नेला.

तिसरं घर बंद नव्हतं. तिथे ७६ वर्षांच्या आजी एकट्या राहत. पहाटे तीनच्या सुमारास भांड्याचा आवाज झाला म्हणून त्या उठल्या, तर पडवीत माणूस उभा. तो ओरडला नाही, अंगावर आला नाही. ‘आये, निज गे,’ एवढंच म्हणाला आणि कळशी उचलून मागच्या दाराने गेला. आजींनी आवाज ओळखला. शेजारच्या वाडीतला. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांमार्फत तक्रार गेली आणि संध्याकाळी तो सापडला. माल तालुक्याच्या गावातल्या भंगारवाल्याकडे. पंचनाम्यातल्या किमतीप्रमाणे १८ हजारांचा हंडा-घंगाळ त्याने २,२०० रुपयांना घेतला होता, आणि तेही सगळे पैसे माल आल्यावर दिले नव्हते. हजार रुपये आधीच उचल म्हणून दिले होते. ही उचल लक्षात ठेवा.

घरफोडीतलं नुकसान कागदावर तांब्या-पितळेच्या वजनात मोजलं जातं. आजींचं नुकसान त्यात कुठेच बसत नव्हतं. सरकारी वकिलांशी बोलताना त्या म्हणाल्या होत्या, ‘भांडी मेली जावंदेत. तेना माका आये म्हटल्यान, म्हणान जास्त भय वाटता. रात्रीची झोप लागना नाय.’ महिन्याभरात मुलगा त्यांना डोंबिवलीला घेऊन गेला. वाडीतलं आणखी एक घर बंद झालं.

मोजलेल्या शिक्षा

आरोपीच्या नावावर आधीच्या दोन दोषसिद्धी होत्या, दोन्ही जुन्या भारतीय दंड संहितेखालच्या. पोलिसांच्या भाषेत तो ‘रेकॉर्डवरचा’. शिक्षेवरचं सगळं भांडण या दोन कागदांवरून झालं, म्हणून ते नीट बघायला हवेत.

पहिला गुन्हा सात वर्षांपूर्वीचा. एका बंद घरात शिरला, कपाटात सापडलेली रमची बाटली तिथेच बसून संपवली आणि तिथेच झोपला. सकाळी शेजाऱ्यांनी उठवला. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार राहायला कुणी आलं नाही. तीन महिने कच्ची कैद काढल्यावर त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा तीन महिने. भोगलेला काळ वजा जाऊन त्याच संध्याकाळी बाहेर.

दुसरा गुन्हा तीन वर्षांपूर्वीचा, रात्रीची घरफोडी. पुन्हा जामीनदार नाही, पुन्हा कबुली, पाच महिने आत गेलेले, शिक्षा पाच महिने.

सहायक सरकारी वकिलांनी हे दोन निकाल पुढे ठेवून म्हटलं, याला दोनदा संधी दिली, दोन्ही वाया घालवल्या. ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण त्या निकालपत्रांत संधी शोधायला गेलं तर सापडत नाही. परिविक्षा अधिकाऱ्याचा (आरोपीची माहिती काढणारा आणि सुटल्यावर देखरेख ठेवणारा प्रोबेशन ऑफिसर) अहवाल मागवलेला नाही, डॉक्टरांचं मत नाही, शिक्षेच्या मुद्द्यावर दोन ओळींपलीकडे काही नाही. जेवढे दिवस आत गेले तेवढ्यावर शिक्का. दोन्ही वेळा शिक्षा कुणी ठरवली नव्हती, फक्त मोजली होती. ज्यांनी मोजली त्यांना मी दोष देणार नाही. बोर्डावर दिवसाला किती प्रकरणं असतात ते आम्ही बघतो, आणि आरोपी स्वतः ‘आजच मोकळं करा’ म्हणत असताना थांबायला सांगणं अवघड असतं. पण म्हणून त्या कबुल्यांना संधी म्हणता येत नाही.

आणखी एक कागद होता. अटकेनंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी होते. तिन्ही वेळच्या अटकेच्या वैद्यकीय कागदांत एक गोष्ट समान निघाली. कोठडीत दुसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, आणि दोनदा चक्क फिट येऊन रुग्णालयात भरती. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की साधारण सहा ते ४८ तासांत असे झटके येऊ शकतात, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवावरही बेतू शकतं. म्हणजे हा माणूस फक्त दारू पिणारा नव्हता, त्याचं शरीर दारूवर अवलंबून होतं, आणि हे सात वर्षांपूर्वी पहिल्याच अटकेत सरकारी कागदावर आलं होतं. तो कागद तपासाच्या फायलीत राहिला. शिक्षा देणाऱ्यासमोर तो कुणी ठेवला नाही.

दारूचं काय करायचं

बाररूममध्ये या प्रकरणावर दोन मतं पटकन पडली. एक, बिचारा आजारी आहे, सोडा. दुसरं, दारू पिऊन चोऱ्या करतो, उलट जास्त द्या. दोन्हींत एक गृहीत आहे, की तिन्ही गुन्ह्यांशी दारूचा संबंध एकाच प्रकारचा होता.

कायद्याच्या बचावापुरतं बोलायचं तर दारू इथे उपयोगाची नाही. न्याय संहितेच्या कलम २३ खालचा बचाव मिळतो तो ज्याला त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा चढवली गेली त्याला. स्वतःहून प्यायलेल्याच्या बाबतीत कलम २४ आहे, आणि तिथे कोर्ट शुद्धीतल्या माणसाइतकंच ज्ञान त्याला होतं असं धरतं. जुन्या संहितेत हीच कलमं ८५ आणि ८६ होती, आणि १९५६ च्या बसदेव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची रेघ आखून दिली. लग्नाच्या पंगतीत प्यायलेल्या निवृत्त जमादाराने जागेच्या भांडणावरून एका मुलाला गोळी घातली होती. प्यायला होता हे खरं, पण हेतू बाळगता येणार नाही इतका नाही, म्हणून खुनाची शिक्षा कायम राहिली.

आपल्या प्रकरणात हेतूचा पुरावा छपरावर होता. पंचनाम्यात लिहिलं होतं की उतरवलेली कौलं बाजूला एकावर एक रचून ठेवलेली, एकही फुटलेलं नाही. पावसात शेवाळलेलं मंगलोरी कौल अंधारात उतरवणं सोपं नसतं. झिंगलेल्या माणसाला ते जमत नाही. तो प्यायलेला नव्हता, आणि प्यायलेला नव्हता म्हणूनच आला होता. आदल्या दुपारची दारू उतरली होती, हात कापायला लागले होते, सकाळी दुकान उघडायच्या आत पैसे हवे होते.

तेव्हा आधीचे दोन आणि आताच्या चोऱ्या मिळून तिसरा, असे तीन गुन्हे, तीन नाती. पहिल्या गुन्ह्यात दारू डोक्यात होती. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात ती पुढे होती, मिळवायची होती. आणि तिसऱ्यात भंगारवाल्याची उचल होती, म्हणजे गरजेला धंद्याची जोड मिळाली होती. सरकारी वकील म्हणाले की हा माणूस सुधारत नाही, सरावतो आहे. त्यात तथ्य होतं. बचावाच्या लोक अभिरक्षकांनी, म्हणजे विधी सेवेतून मिळालेल्या मोफत वकिलांनी, हे नाकारलं नाही आणि ते बरं केलं. कोर्टाला न पटणारी गोष्ट रेटत बसलं की पटणारीही हातची जाते.

कागदावर चौदा, हातात तीन

आरोपीने तिन्ही प्रकरणांत कबुली दिली. या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती नोंदवली, दोषी ठरवलं, आणि शिक्षेची सुनावणी पुढे ठेवली. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आणि मनोविकारतज्ज्ञांचं मत मागवलं. आठ महिने कच्च्या कैदेत गेलेला आरोपी यावर खूश नव्हता.

कायद्यात मोकळीक किती होती? रात्री घर फोडून चोरी, कलम ३३१(४), कमाल १४ वर्षं. राहत्या घरातली चोरी, कलम ३०५, कमाल सात. दोन्हींना किमान शिक्षा नाही. गमतीची गोष्ट अशी की साध्या चोरीच्या कलम ३०३(२) मध्ये दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला किमान एक वर्ष सश्रम कारावास आहे, पण त्याहून गंभीर कलम ३०५ मध्ये तशी अट नाही.

कागदावर १४ वर्षं असली तरी हे खटले चालतात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, आणि त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. जास्त हवी असं वाटलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा ते सांगणारा नवा कायदा) कलम ३६४ खाली फाईल मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. त्यांची मर्यादा सात वर्षं. सरकारी वकिलांची पहिली मागणी तीच होती, फाईल जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला पाठवा.

दुसरी मागणी कलम १३ ची. जुन्या संहितेतलं कलम ७५ नव्या संहितेत कलम १३ म्हणून आलं. मालमत्तेच्या गंभीर गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्याने पुन्हा तसाच गुन्हा केला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यावर बचावाचे दोन मुद्दे आले. एक, आधीच्या दोषसिद्धीमुळे वाढीव शिक्षा मागायची तर ती दोषसिद्धी दोषारोपात नमूद हवी, नागरिक सुरक्षा संहिता कलम २३४(७), आणि ती इथे नव्हती. शिक्षा ठोठावण्याआधी केव्हाही कोर्ट ती भर घालू शकतं, पण सरकार पक्षाने तसा अर्जही दिला नव्हता. दुसरा मुद्दा जास्त टोकदार. कलम १३ ‘या संहितेच्या’ प्रकरणांखालच्या आधीच्या दोषसिद्धीबद्दल बोलतं. आरोपीच्या आधीच्या दोन्ही दोषसिद्धी या संहितेखालच्या नव्हत्याच.

मला स्वतःला दुसरा मुद्दा शब्दांत बरोबर आणि हेतूत लंगडा वाटतो. संहिता बदलली म्हणून देशभरातल्या सगळ्या सराईतांची पाटी कोरी करायची संसदेची इच्छा होती असं मानणं कठीण आहे. पण शिक्षा वाढवणाऱ्या कलमात शब्द आरोपीच्या बाजूने वाचायचे असतात, हेही तितकंच जुनं तत्त्व. दंडाधिकाऱ्यांनी पहिल्या मुद्द्यावर निकाल दिला आणि दुसरा उघडा ठेवला. तालुका कोर्टात हे शहाणपणाचं असतं.

आपल्याकडे यापलीकडे वाट दाखवणारं फारसं काही नाही. शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रेमसागर आणि २०१२ मध्ये सोमन प्रकरणात बोलून दाखवलं. योगायोग असा की दोन्ही खटले दारूचेच, एक अवैध साठ्याचा, एक केरळातल्या विषारी दारूचा. इंग्लंड-वेल्समध्ये राहत्या घराची तिसरी घरफोडी असेल तर अपवादात्मक परिस्थिती सोडून किमान तीन वर्षांची कैद कायद्यातच आहे आणि गुन्ह्याच्या वेळी प्यायलेलं असणं शिक्षा वाढवणारं धरतात. पण तिथेच कोर्टाला दारूच्या उपचाराची अट घालता येते, आणि घोट्याला बांधायच्या पट्ट्याने घामातून दारू तपासण्याची जास्तीत जास्त १२० दिवसांची अटही. हे सांगितलं की आपल्याकडे लोक म्हणतात, आपल्या कायद्यात असलं कुठे?

आहे. गुन्हेगार परिविक्षा अधिनियम, १९५८, कलम ४. देखरेखीखाली सोडताना घालायच्या अटींत राहण्याचं ठिकाण आणि मादक पदार्थांपासून दूर राहणं हे दोन्ही त्यात शब्दशः लिहिलेलं आहे. बंधपत्र तीन वर्षांपर्यंत. कलम ३ ची समज देऊन सुटका आधी शिक्षा झालेल्याला मिळत नाही, नागरिक सुरक्षा संहितेतली परिविक्षाही नाही. कलम ४ मध्ये मात्र तशी बंदी नाही. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसला, म्हणजे झालं. सरकारी वकील कलम १३ चा आग्रह का धरत होते ते इथे कळतं. ते लागू झालं की जन्मठेप शक्य होते आणि कलम ४ चं दार बंद.

अहवाल

परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कलम ७ प्रमाणे गोपनीय असतो, म्हणून सारच सांगतो. अधिकारी बाई दोनदा वाडीत जाऊन आल्या. गवंडी म्हणाला, शुद्धीत असेल तेव्हा याच्यासारखा जांभ्याचा चिरा लावणारा नाही, पण सोमवारी येईल याची खात्री नाही. बायको परत यायला तयार नव्हती, आणि तिला तसं विचारायचं कारणही नव्हतं. प्रश्न राहण्याच्या जागेचा होता. कलम ४ खाली सोडायचं तर आरोपीला किंवा जामीनदाराला कोर्टाच्या हद्दीत कायमचा पत्ता किंवा नियमित काम हवं. थोरल्या भावाने आधीच्या दोन्ही वेळी तोंड फिरवलं होतं. या वेळी तो तयार झाला, एका अटीवर. ‘पिऊन इलो तर मी स्वता फोन करतलंय, मग भाव म्हणान बघूचंय नाय.’ त्याने ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणंही घालून घेतलं होतं. ‘तुमचो कागद ऱ्हवंदे, देवाक गाऱ्हाणा घातलाव,’ असं तो बाईंना म्हणाला. बाईंनी तेही अहवालात लिहिलं. वाडीचा कोर्टापेक्षा देवळावर जास्त विश्वास असेल, तर देखरेख करणाऱ्याला ते माहीत असलेलं बरं.

डॉक्टरांचं मत दीड पानाचं होतं. दारूवरचं अवलंबित्व, यकृतावर परिणाम सुरू झालेला, मनोविकाराची इतर लक्षणं नाहीत. एक वाक्य कामाचं होतं. तुरुंगात आठ महिने दारू न मिळणं म्हणजे उपचार नव्हे, सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे. डायसल्फिरामसारखी गोळी देता येईल, पण ती घेऊन वर दारू प्यायली तर उलट्या, धडधड, कधी त्याहून वाईट होतं, म्हणून ती रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची. आमच्याकडे ‘न कळता दारू सोडवा’ म्हणून पुड्या विकल्या जातात आणि घरचे त्या कालवणात घालतात, त्यांच्यासाठी हे पुन्हा सांगतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारूच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक स्थितीही मानसिक आजारात धरल्या आहेत. रुग्ण म्हटलं की संमतीचा हक्क आला. कोर्ट त्याला बाह्यरुग्ण विभागात जायला सांगू शकतं, गोळी गिळायला नाही.

एक जेल, एक बंधपत्र

आता खरी अडचण. आपल्या कायद्यात थोडी कैद आणि मग देखरेख अशी एकत्र शिक्षा नाही. एक तर शिक्षा ठोठावायची, नाहीतर ती न ठोठावता बंधपत्रावर सोडायचं. आजी झोपलेल्या घरात पहाटे शिरणाऱ्याला बंधपत्रावर सोडणं कोर्टाला मान्य नव्हतं, मलाही झालं नसतं. पण नुसती कैद दिली की सुटकेच्या दिवशी तो पुन्हा एकटा, खिशात तुरुंगातल्या मजुरीचे पैसे, आणि स्टँडच्या वाटेवर बार.

बचावाने वाट काढली ती तीन फायली वेगळ्या असल्यामुळे. आजींच्या घराच्या प्रकरणात कैद द्या, तांब्याच्या हंड्याच्या प्रकरणात कलम ४ वापरा.

सरकारी वकिलांनी हरकत घेतली की ही कायद्याची कसरत आहे. बंधपत्रावर ‘सोडलेला’ माणूस त्याच क्षणी तुरुंगात जातो, याला सोडणं कसं म्हणायचं? हरकत पोकळ नाही. १९५८ चा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोर्टाच्या पायऱ्या उतरून घरी जाणारा माणूस होता. पण कलमाच्या शब्दांत दुसऱ्या प्रकरणातली कैद आडवी येत नाही, आणि उलटा पर्याय, म्हणजे तिन्हींत कैद, हा त्याच कायद्याचा हेतू हाणून पाडतो.

आदेश असा झाला. आजींच्या प्रकरणात कलम ३३१(४) खाली १८ महिने सश्रम कारावास, कलम ३०५ खाली एक वर्ष, दोन्ही एकत्र भोगायच्या, कच्च्या कैदेचे आठ महिने वजा. दोन हजार दंड, न भरल्यास एक महिना. हा एक महिना मात्र कच्च्या कैदेतून वजा होत नाही, आणि पैसे नसलेल्यांच्या ते सुटकेच्या दिवशीच लक्षात येतं. या वेळी भावाने भरले. फाईल ओरोसला का पाठवली नाही याचं कारण एका परिच्छेदात होतं. हत्यार नाही, मारहाण नाही, माल परत मिळाला, आणि तीन वर्षांची मर्यादासुद्धा पुरी वापरायची गरज दिसत नाही.

सिलिंडरच्या प्रकरणात आठ महिने, म्हणजे भोगलेला काळ. ही पुन्हा मोजणीच होती, पण जाणून केलेली.

हंड्याच्या प्रकरणात १५ हजारांचं बंधपत्र, भाऊ जामीनदार, मुदत तीन वर्षं, त्याच दिवसापासून. उरलेले दहा महिने तुरुंगात जाणार, म्हणजे बाहेरच्या देखरेखीला २६ महिने. अटी: भावाच्या घरी राहायचं, दारूला शिवायचं नाही, पंधरा दिवसांतून एकदा बाह्यरुग्ण विभागात जायचं, आजींच्या वाडीत पाऊल ठेवायचं नाही, आणि कौलं पुन्हा शाकारायला घरमालकाला आलेला खर्च कलम ५ खाली हप्त्यांनी द्यायचा. आजी गावात नसताना वाडीबंदी कशाला, असं बचावाने विचारलं. दंडाधिकारी म्हणाले, त्या परत याव्यात म्हणून.

सुटल्यावर

तो शिमग्याच्या तोंडावर सुटला. याहून वाईट मुहूर्त कोकणात नाही. पालखी घरोघर फिरत होती, जुने सोबती भेटले, आणि सुटून पंधरवडा व्हायच्या आत तो पिऊन ओटीवर पडला. भावाने बोलल्याप्रमाणे फोन केला, पण पोलिसांना नाही, परिविक्षा अधिकारी बाईंना. अट मोडली म्हणून परिविक्षा अधिनियमाच्या कलम ९ खाली समन्स निघालं. सरकारी वकिलांनी हंड्याच्या प्रकरणातली शिक्षा आता ठोठावा असा अर्ज केला.

त्याच कलमात पहिल्या चुकीसाठी दुसरा मार्ग आहे. बंधपत्र चालू ठेवून दंड करायचा, जास्तीत जास्त ५० रुपये. रक्कम १९५८ पासून बदललेली नाही. कोर्टाने ५० रुपये दंड केला, आणि कलम ८ खाली अटी वाढवल्या. पंधरा दिवसांऐवजी दर आठवड्याला बाह्यरुग्ण विभाग, आणि गणपती-शिमग्याच्या दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्यांपुढे वेगळी हजेरी. डॉक्टरांशी बोलून त्याने गोळी घ्यायचं कबूल केलं. ती भावजय रोज सकाळी चहाबरोबर समोर उभं राहून देते, त्याला सांगून. गवंड्याने कामावर घेतलं आहे, मजुरी मात्र रोजच्या रोज हातात न देता आठवड्याने भावाकडे देतो. ही अट कुठल्याच आदेशात नाही.

शिक्षा अपुरी आहे म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१८ खाली सरकारचं अपील सत्र न्यायालयात दाखल आहे. त्यात ‘या संहितेच्या’ या शब्दांचा मुद्दा आता पुरता उघडा होईल. आणि भंगारवाला? त्याच्यावर चोरीचा माल घेतल्याचं न्याय संहितेचं कलम ३१७(२) लावलं आहे, कमाल तीन वर्षं. चोरीच्या मालाचा सवयीने व्यवहार करणाऱ्यासाठी ३१७(४) आहे, तिथे जन्मठेपेपर्यंत जाता येतं. आगाऊ उचल देऊन भांडी मागवणाऱ्याला ते का लावलं नाही, हा प्रश्न दोषारोपपत्र वाचताना कुणी विचारला नाही. त्याला पहिल्याच तारखेला जामीन मिळाला होता, जामीनदार दारातच उभा होता, आणि त्याच्या खटल्यात अजून दोषारोप ठेवायचे आहेत.